मधपेटीतली राणी आणि जूनच्या आधीचा हिशेब

भुदरगड तालुक्यातल्या पाटगावचं नाव ‘मधाचं गाव’ म्हणून झालं, आणि आता कोल्हापूर शहरातही परसात, गच्चीवर किंवा शेताच्या बांधावर एखादी मधपेटी ठेवावी असं वाटणारे लोक भेटतात. पेटी मिळते, माशाही मिळतात. मार्चपर्यंत छान चालतं. मग मे महिन्यात एका सकाळी पेटी रिकामी सापडते, नाहीतर पाऊस लागल्यावर माशा दिवसागणिक कमी होत जातात आणि श्रावणापर्यंत फ्रेमवर, म्हणजे माशा पोळं बांधतात त्या लाकडी चौकटीवर, नुसती किड्यांची जाळी उरते. मग कुणी म्हणतं रोग आला, कुणी म्हणतं शेजारच्या रानात औषध मारलं. कधीकधी ते खरंही असतं. पण बहुतेक वेळा दुखणं राणीचं किंवा भुकेचं असतं, आणि ते एप्रिलमध्येच फ्रेमवर दिसत असतं. ते कसं बघायचं, हे इथं सांगितलं आहे.

हे सगळं सातेरी मधमाशीबद्दल आहे. आपल्या सह्याद्रीत झाडाच्या ढोलीत, वारुळात, दगडी बांधाच्या पोकळीत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधणारी ती सातेरी. कड्यावर किंवा उंच इमारतीला एकच मोठं पोळं लावते ती आग्या. ती पेटीत राहत नाही.

राणी राज्य करत नाही

पेटीत तीन प्रकारच्या माशा असतात. हजारो कामकरी, हंगामात काही शे नर आणि एक राणी. राणी हुकूम सोडत नाही. तिची कामं दोनच: अंडी घालणं आणि अंगाचा विशिष्ट गंध पेटीभर पसरत ठेवणं. तो गंध आहे तोवर कामकरी माशांना घर शाबूत वाटतं. राणी गेली की काही तासांत त्यांना कळतं आणि पेटीचा आवाज बदलतो; एकसुरी गुणगुण जाऊन चढउताराचा, कण्हल्यासारखा आवाज येतो.

राणी जन्मल्यावर साधारण आठवड्याभरात मीलनासाठी बाहेर उडते, हवेतच अनेक नरांशी तिचा संयोग होतो आणि ते बीज ती पोटातल्या एका पिशवीत साठवते. प्रवासाला निघताना एकदाच बांधून घेतलेली शिदोरी म्हणा. तीच जन्मभर पुरवायची. या बीजाने फळलेल्या अंड्यातून कामकरी किंवा राणी होते. न फळलेल्या अंड्यातून नर होतो. म्हणून शिदोरी संपत आलेली किंवा मीलनच नीट न झालेली राणी नरच जास्त घालू लागते, आणि नर ना मध आणतात ना पिल्लं सांभाळतात. असं घर आतून बसत जातं.

उघडायची कधी, आणि किती वेळ

उन्हाळ्यात सकाळी साडेसात ते दहा ही वेळ उत्तम. ती हुकली तर संध्याकाळी पाचनंतर. दुपारी बारा ते चार पेटीला हात लावू नये. पिल्लांच्या भागात माशा ३३ ते ३५ अंश तापमान राखून असतात. बाहेर ३८ अंशाचं ऊन असताना झाकण काढलं की त्यांची सगळी मेहनत वाया जाते, शिवाय नवं पोळं उन्हानं मऊ पडून फ्रेममधून निसटतं. वळवाचं वातावरण असेल, वारा सुटला असेल, तर त्या दिवशी उघडायचंच नाही. तेव्हा माशा चिडतात.

फुलोरा भरात असेल तर ८ ते १० दिवसांनी एकदा, रान सुकलेलं असेल तर १५ दिवसांनी. हा ८-१० दिवसांचा आकडा राणीच्या वाढीतून आला आहे: अंड्यापासून आठव्या दिवसाच्या सुमारास राणीच्या अळीचं घर (पोळ्यातला कप्पा) मेणानं बंद होतं, आणि ते बंद होण्याच्या आसपासच जुनी राणी निम्म्या माशांचा थवा घेऊन दुसरीकडं निघते. तुम्ही वीस दिवसांनी बघायला गेलात तर तोवर सगळं उरकलेलं असतं.

जाळीची टोपी, फिक्या रंगाचे कपडे, पटाशी, पाण्याची बादली, एक ओलं पातळ फडकं आणि स्मोकर (धूर सोडायचा भाता) एवढं जवळ ठेवा. स्मोकरमध्ये गोणपाटाचा तुकडा किंवा वाळलेली शेणी चालते. धूर पांढरा आणि गार हवा. आधी स्वतःच्या मनगटावर सोडून बघा, चटका बसला तर माशांनाही बसतो. दाराशी दोन हलके झोत, अर्धा मिनिट थांबून झाकणाखाली एक. बस. सातेरीला जास्त धूर दिला की ती फ्रेम सोडून कोपऱ्यात पळते, घोळका करते, आणि मग काहीच नीट दिसत नाही.

पेटीच्या मागं किंवा बाजूला उभं राहा, दारासमोर नाही. कडेची फ्रेम आधी काढून बाजूला ठेवा म्हणजे बाकीच्या सरकवायला जागा होते. मधल्याच फ्रेमला पहिल्यांदा हात घातला तर दोन पोळ्यांच्या मध्ये माशा चिरडतात, आणि नेमकी राणी त्यांत असू शकते. फ्रेम उचलली की पेटीच्या वरच धरा, उभी धरा. आडवी केली तर मधानं जड झालेलं पोळं स्वतःच्या वजनानं तुटतं. ज्या क्रमानं, ज्या तोंडानं काढली तशीच परत ठेवा. सरावल्यावर आठ फ्रेमच्या पेटीला सात-आठ मिनिटं पुरतात. ज्या फ्रेमवर काम नाही तिच्यावर ओलं फडकं टाकून ठेवा.

राणी शोधत बसू नका, फ्रेम वाचा

नव्या माणसाचा सगळा वेळ राणी शोधण्यात जातो. ती दिसली की आनंद होतो आणि पेटी बंद होते. पण राणी दिसणं म्हणजे राणी चांगली असणं नव्हे, आणि न दिसणं म्हणजे नसणं नव्हे. पायरीवर दुधाची पिशवी दिसली की दूधवाला येऊन गेला हे कळतं. त्याला गाठायची गरज नसते. अंडी म्हणजे तीच पिशवी.

सूर्याकडे पाठ करा. फ्रेम अशी धरा की ऊन तुमच्या खांद्यावरून थेट घरांच्या तळाशी जाईल. तळाच्या मधोमध तांदळाच्या कणीहून कितीतरी बारीक, पांढरी, किंचित वाकलेली काडी दिसेल. तेच अंडं. पहिल्या दिवशी ते तळावर उभं असतं, दुसऱ्या दिवशी कलतं, तिसऱ्या दिवशी आडवं पडतं आणि मग त्यातून अळी निघते. म्हणजे उभं अंडं दिसलं तर गेल्या दिवसभरात राणी त्या फ्रेमवर होती. आडवी अंडीच दिसत असतील तर आठ दिवसांनी परत बघायची नोंद करा. अंडी नाहीतच, फक्त बंद घरं (मेणानं झाकलेली, आत पिल्लू असलेली) आहेत, तर किमान आठवडाभर अंडी घातली गेलेली नाहीत.

पुढं बघायची ती मांडणी. चांगल्या फ्रेमवर वर मधाची पट्टी, तिच्याखाली पिवळ्या-तांबूस परागाची कमान, आणि मधोमध बंद घरांचा सलग पट्टा असतो. भाताची लावणी बघायची सवय असलेल्याला हे लगेच कळेल: चांगल्या लावणीत तुटाळ नसते. पोळ्यावर मात्र बंद घरांमध्ये जागोजाग रिकामी घरं, म्हणजे तुटाळ, दिसली तर कारण शोधावं लागतं. राणी म्हातारी असेल, तिचं मीलन जवळच्या नात्यातल्या नरांशी झालं असेल, किंवा अळ्या रोगानं मरत असतील. शेवटचं ओळखायला घराच्या तोंडाशी बघा. अळी पाठीवर ताठ, डोकं वर, आत पाणी भरलेल्या पिशवीसारखी मरून पडली असेल तर तो सॅकब्रूड हा विषाणूजन्य रोग. १९९० च्या दशकात दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती यानं मोठ्या प्रमाणावर गेल्या. त्यावर औषध नाही. ती फ्रेम दुसऱ्या पेटीत कधीही घालू नका, पटाशी धुऊन उन्हात वाळवा, आणि त्या राणीची पिलावळ वाढवू नका.

एक हिशेब फार उपयोगाचा आहे. कामकरी माशी अंड्यात ३ दिवस, अळी म्हणून ५-६ दिवस आणि बंद घरात ११ दिवस असते. म्हणून राणी एका वेगानं घालत असेल तर अंडी, उघड्या अळ्या आणि बंद घरं यांचं प्रमाण साधारण १, २, ४ असं दिसतं. बंद घरं भरपूर आणि अंडी अगदी थोडी असतील तर आज माशा दाट दिसत असल्या तरी राणीचा हात आखडला आहे. तीन आठवड्यांनी पेटी विरळ होणार. अशा वेळी आधी मध आणि पराग बघा. अन्न नसेल तर चांगली राणीसुद्धा थांबते. अन्न असून थांबली असेल तर दोष राणीचा.

एका घरात दोन-तीन अंडी म्हणजे जोमदार राणी?

हा समज फार पसरलेला आहे आणि तो घात करतो. बऱ्याच दिवसांपासून राणी नसली की कामकरी माशाच अंडी घालू लागतात. त्यांचं पोट आखूड, तळापर्यंत पोचत नाही, म्हणून अंडी घराच्या भिंतीला, वेडीवाकडी, एकेका घरात दोन-तीन अशी दिसतात. त्यातून फक्त नर निघतात. नरांची बंद घरं फुगीर असतात, आणि सातेरीत त्या टोपीला वर बारीक छिद्र असतं. कामकरींच्या लहान घरांवर अशा फुगीर टोप्या विखुरलेल्या दिसल्या की ते घर राणीविना आहे. नवी राणी दिली तर बहुधा मारून टाकतात. त्यांना चांगल्या पेटीत मिसळणं हाच शहाणपणा.

शंका असेल तर खात्रीची चाचणी सोपी आहे. दुसऱ्या निरोगी पेटीतली ताजी अंडी आणि लहान अळ्या असलेली एक फ्रेम, माशा झटकून, संशयित पेटीच्या मध्यात द्या. तिसऱ्या दिवशी बघा. त्या फ्रेमवर राणीघरं बांधायला घेतली असतील तर राणी नाही. नसतील, तर बहुधा आत राणी आहे. कदाचित अजून अंडी न घालणारी कोवळी. ही एकच चाचणी पुरेशी आहे, हौशी माणसानंही एक नव्हे, दोन पेट्या ठेवाव्यात असं सांगायला. एकच पेटी असणाऱ्याला उसनं घ्यायला काही नसतं.

राणीघरं दिसली की मोडून टाकायची?

राणीघर बाकी घरांसारखं आडवं नसतं. ते भुईमुगाच्या शेंगेसारखं खाली लोंबतं. ते कुठं आहे आणि किती आहेत यावरून माशांचा बेत कळतो. पोळ्याच्या खालच्या कडेला पाच, आठ, दहा राणीघरं, पेटी माशांनी गच्च, नर भरपूर: हे घर फुटणार, थवा निघणार. पोळ्याच्या मध्यभागी एक-दोनच नीट बांधलेली: माशा म्हाताऱ्या राणीला बदलताहेत, हात लावू नका. मध्येच साध्या घरांना ओढून-ताणून लांबवलेली, वेगवेगळ्या आकारांची: राणी अचानक गेली, कदाचित मागच्या तपासणीत तुमच्याच हातून.

थवा निघू नये म्हणून खालच्या कडेची सगळी राणीघरं खुडायची, हा सल्ला सर्रास दिला जातो. त्यात धोका असा की थवा आधीच निघून गेला असेल तर तुम्ही त्या घराची शेवटची आशा खुडता. म्हणून राणीघराला हात लावण्याआधी उभी अंडी शोधा. अंडी असतील तर जुनी राणी आत आहे. नसतील तर एक चांगलं, लांब, खडबडीत राणीघर राखून बाकीची काढा. सातेरीत राणी बाहेर यायला एक-दोन दिवस उरले की कामकरी टोकावरचं मेण खरवडतात आणि खालचं तपकिरी कवच उघडं पडतं. असं तपकिरी टोक दिसलं तर ती फ्रेम उलटी करू नका, झटकू तर अजिबात नका. आतल्या राणीचे पंख तेव्हाच मोडतात. टोकाला डबीच्या झाकणासारखी गोल चकती उघडी लोंबत असेल तर राणी सुखरूप बाहेर आली. बाजूला भोक असेल तर दुसऱ्या राणीनं तिला आतच मारलं.

नुसतं खुडून थवा थांबतही नाही; आठवड्यात परत बांधतात. जागा द्या. वर मधकोठी (मध साठवायचा पेटीचा वरचा मजला) चढवा, पिल्लांच्या कोठीतल्या मधानं भरलेल्या कडेच्या फ्रेम काढून रिकामी बांधलेली फ्रेम द्या. तरी ऐकत नसतील तर त्यांचा बेत तुम्हीच पुरा करा: राणीसह तीन फ्रेम, त्यांत बंद घरांची एक आणि मध-परागाची एक, दुसऱ्या पेटीत ठेवा आणि वर एक-दोन फ्रेमवरच्या माशा झटका. उडणाऱ्या माशा जुन्या जागी परततात, म्हणून नव्या पेटीत माशा थोड्या जास्तच घालायच्या.

जूनचं गणित

आपल्याकडची खरी अडचण इथं आहे, आणि परदेशी व्हिडिओ बघून शिकणाऱ्याला ती कुणी सांगत नाही. राणीला मीलनासाठी कोरडी, उजेडाची दुपार आणि भरपूर नर लागतात. कोल्हापुरात जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागतो. गगनबावडा, राधानगरी, आजरा पट्ट्यात तो लागला की हटत नाही, आणि अन्न आटलं की माशा नरांना घरातून हाकलतात.

समजा २० एप्रिलला पेटी विभागली आणि राणीविना भागात एक-दोन दिवसांची अळी आहे. माशा तिलाच राणी करतात. साधारण ११-१२ दिवसांनी, म्हणजे २ मेच्या सुमारास राणी बाहेर येते. आठवड्याभरात मीलन, आणखी दोन-चार दिवसांनी पहिली अंडी: १२-१५ मे. त्या अंड्यांतून पहिल्या कामकरी जूनच्या पहिल्या आठवड्यात निघतात. म्हणजे पावसाच्या तोंडावर जेमतेम नव्या माशा हाताशी येतात. तेच काम १५ मेला केलं तर राणीचं मीलन जूनच्या पहिल्या आठवड्यावर येतं. एक चुकार पावसाची झड आणि ती बिनमीलनाची राहते. तीन आठवड्यांत मीलन झालं नाही तर ती पुढं नरच घालते.

म्हणून विभागणी आणि राणी बदलणं एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत संपवा. नव्या राणीच्या पेटीत बाहेर आल्यानंतर दोन आठवडे डोकावू नका. मीलनावरून परतलेली राणी गोंधळली तर चुकीच्या दारात शिरते आणि मारली जाते. दाराला राणी अडवणारी जाळी असेल तर तीही या काळात काढलीच पाहिजे, नाहीतर राणी बाहेरच पडू शकत नाही.

मग राणी विकतच का आणू नये?

आणता येते, पण चांगल्या, शांत, न पळणाऱ्या स्वतःच्या पेटीतलं पिकलेलं राणीघर जास्त भरवशाचं. राणी द्यायचीच असेल तर जुनी काढून एक दिवस घर पोरकं ठेवा. नवी राणी लहान जाळीच्या पिंजऱ्यात, पिठीसाखर-मधाच्या गोळीनं तोंड बंद करून, पिल्लांच्या दोन फ्रेममध्ये अडकवा. दुसऱ्या दिवशी पिंजरा बघा. माशा जाळीला घट्ट चिकटून चावत असतील तर त्यांनी तिला स्वीकारलेलं नाही, सोडू नका. सैल बसून सोंडेनं भरवत असतील तर गोळी खाऊन त्या स्वतःच तिला मोकळं करतील.

पेटी सोडून जाणं

थवा निघतो तेव्हा निम्मं घर मागं राहतं. पेटी सोडून जातात तेव्हा सगळ्याच जातात, आणि सातेरीचा हा स्वभावच आहे. कारणं चार: भूक, उन्हाचा ताप, मेणकिडा (ज्याच्या अळ्या पोळं खातात तो पतंग) आणि सारखी उघडझाप. जाण्याआधी आठ-दहा दिवस खूण दिसते: परागाचे गोळे घेऊन येणाऱ्या माशा थांबतात, अंडी बंद, मध संपत आलेला, शेवटची पिल्लं बाहेर पडायची वाट बघितली जाते.

इथं जिल्ह्याचे दोन भाग पडतात. पश्चिमेला जांभूळ, अंजन, हिरडा, करवंद यांच्या फुलोऱ्यावर एप्रिल-मेमध्ये मध येतो. शिरोळ-हातकणंगलेकडं रान हिरवंगार दिसतं, पण तो ऊस आहे. माशीच्या लेखी ते उपासाचं रान. तिकडच्या माशा रसवंतीच्या घाण्याभोवती घोंघावतात त्या याच भुकेपोटी. अशा ठिकाणी साखरेचा पाक द्या: एक भाग साखर, एक भाग पाणी, गार करून, २०० मिली, पेटीच्या आत, सूर्य मावळल्यावर. बाहेर किंवा दिवसा दिला तर दुसऱ्या पेटीच्या माशा आणि मुंग्या लूट करायला येतात. आणि कोल्हापुरात राहून गुळाचं पाणी द्यायचा मोह होतो, तो टाळा. गुळातले क्षार आणि मळी माशांना पचत नाहीत, हगवण लागते. साधी पांढरी साखरच हवी. दुकानातला मधही देऊ नका, त्यातून रोग येतो.

उन्हाच्या तापावर उपाय म्हणजे सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा, झाकणावर ओलं गोणपाट, आणि दहा-पंधरा पावलांवर पसरट भांड्यात खडे घालून पाणी. पाणी एकदा ठेवलं की रोज ठेवा; एक दिवस चुकलं की माशा शेजाऱ्याच्या नळावर जातात. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्यांसाठी.

मेणकिड्याचं औषध म्हणजे पेटी माशांच्या मापाची ठेवणं. माशा पाच फ्रेम झाकत असतील तर सहावी, सातवी काढून घ्या. उघड्या पडलेल्या जुन्या काळ्या पोळ्यातच किडा अंडी घालतो. दर तपासणीला तळपाट काढून खरवडा; तिथल्या मेणाच्या चुऱ्यातच अळ्या वाढतात.

निसर्गात कोण उघडून बघतं?

कुणी नाही, हे खरं. पण निसर्गात मोहोळ जागा स्वतः निवडतं, नको वाटली की सोडतं, आणि दरवर्षी बरीच मोहोळं मरतात. पेटी, जागा आणि मध काढण्याची वेळ तुम्ही ठरवता. मग निगाही तुमच्याकडेच येते. मध घेतानाही पिल्लांच्या कोठीतला मध काढू नका. तो त्यांचा पावसाळा आहे.

युरोपियन मेलिफेरा माशी जास्त मध देते, म्हणून ती का नको असंही विचारलं जातं. ती फुलोऱ्यामागं पेट्या हलवणाऱ्या व्यावसायिकाची माशी आहे. एका जागी दोन पेट्या ठेवणाऱ्यानं सातेरीच सांभाळावी.

डंख बसला तर काटा नखानं लगेच खरवडून काढा. जागा सुजणं साहजिक आहे. अंगभर गांध्या, ओठ सुजणं, धाप लागणं झालं तर क्षणही न दवडता दवाखाना.

मेअखेरची शेवटची तपासणी

चार फ्रेमहून कमी माशा असलेली पेटी पावसाळा काढत नाही. अशा दोन दुबळ्या पेट्या दोन मानून वाचवायचा हट्ट धरला की दोन्ही जातात. रोज फूटभर सरकवत त्या शेजारी आणा. कमी प्रतीची राणी काढा. संध्याकाळी, राणी असलेल्या पेटीवर कालच्या वर्तमानपत्राचं एक पान अंथरा, सुईनं दहा-बारा छिद्रं पाडा आणि दुसरी कोठी वर ठेवा. एकदम मिसळल्या तर परक्या वासामुळं मारामारी होते. कागद कुरतडायला दोन-तीन दिवस लागतात, तेवढ्यात वास एक होतो. तिसऱ्या दिवशी दारासमोर राखाडी कागदाचा भुगा पडलेला दिसला की झाकण उघडायचीही गरज नाही.